ओटीपी कोणाच्या मोबाइलवर?

सकाळी ६.४५

दवाखाना साडेनऊला उघडतो, पण माझी ओपीडी त्याआधीच व्हॉट्सॲपवर भरलेली असते. चहा गाळता गाळता एक एक फोटो उघडतो. ब्लड प्रेशर मोजायच्या यंत्राचा फोटो, त्यात फ्लॅशच्या चकाकीने खालचा आकडा गेलेला. ग्लुकोमीटरचा फोटो, त्यावर अर्धा अंगठा. मनगटी घड्याळाचा स्क्रीनशॉट: ‘कालची झोप ५ तास १० मिनिटे’, खाली ‘सर, काही काळजीचं नाही ना?’ नवीन पनवेलचे एक निवृत्त रेल्वे कर्मचारी रोज न चुकता पाठवतात. आज १४८/९२.

त्यांच्या यंत्रात ब्लूटूथ आहे. मोजलं की आकडा मोबाइलवर त्या कंपनीच्या ॲपमध्ये जातो आणि छान रंगीत आलेख तयार होतो. तो आलेख ॲपच्या बाहेर मात्र पडत नाही. माझ्या दवाखान्याच्या सॉफ्टवेअरपर्यंत त्याला वाट नाही, म्हणून काका पडद्याचा फोटो काढतात. यंत्राने बिनतारी पाठवलेली माहिती शेवटी डोळ्यांनी वाचून, हाताने टंकून माझ्याकडे नोंदवली जाते. बहुतेक वेळा तीही नोंदवली जात नाही, कारण सकाळी पावणेसातला कोण टंकत बसणार?

शिवाय त्या यंत्रावर ‘१’ आणि ‘२’ अशी दोन बटणं आहेत, घरातल्या दोन माणसांसाठी. काका-काकू दोघेही एकच दाबतात. त्यामुळे गेल्या महिन्याचा तो रंगीत आलेख नक्की कोणाच्या रक्तदाबाचा, हे देव जाणे. जोडलेल्या उपकरणांच्या गप्पा ऐकताना मला हे बटण आठवतं. आकडा कुठून कुठे गेला हे नंतर विचारू, आधी तो कोणाचा ते ठरू दे.

सकाळी ८.१५

कामोठ्यातल्या एका रुग्णालयात राउंड. द्रुतगती मार्ग कळंबोलीला सुरू होतो, त्यामुळे अपघाताचे रुग्ण या पट्ट्यात नित्याचे. काल रात्रीचा एक तरुण बेशुद्ध होता. पाकिटात आधार कार्ड, मोबाइल कुलूपबंद. त्याला आधीपासून मधुमेह आहे का, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, कशाची ॲलर्जी आहे, हे देशातल्या कुठल्या तरी सर्व्हरवर बहुधा असेलही. आरोग्य नोंदींच्या देवाणघेवाणीच्या सरकारी आराखड्यात माहिती मागण्याच्या कारणांची यादी आहे आणि तीत आणीबाणीसाठी वेगळा संकेत आहे. इथे खाटेपाशी मात्र आम्ही त्याच्या मेहुण्याची वाट पाहिली. मेहुणा आला, त्याने सांगितलं, काम पुढे सरकलं.

सकाळी ९.३०

दवाखान्याच्या काउंटरवर क्यूआर कोडचा फलक आहे. मोबाइलवरच्या आभा ॲपने किंवा आरोग्य सेतूने तो स्कॅन केला की नाव, वय, लिंग, पत्ता आपोआप आमच्या संगणकात येतो आणि टोकन क्रमांक मिळतो. दिल्लीच्या लेडी हार्डिंग रुग्णालयात २०२२च्या ऑक्टोबरात ही सोय सुरू झाली, मग देशभर पसरली. आमच्या स्वागतिकाताईंचं त्यावर मनापासून प्रेम आहे, कारण ‘म्हात्रे’ची स्पेलिंगं आता त्यांना विचारावी लागत नाहीत.

यामागची योजना म्हणजे आयुष्मान भारत डिजिटल मिशन. घोषणा १५ ऑगस्ट २०२०ला लाल किल्ल्यावरून झाली, आधी सहा केंद्रशासित प्रदेशांत चाचणी झाली आणि २७ सप्टेंबर २०२१ला ती देशभर लागू झाली. प्रत्येकाला चौदा अंकी आभा क्रमांक. असे ७० कोटींहून अधिक क्रमांक निघाले आहेत. रचना चांगली विचार करून केलेली आहे, हे मी आधीच सांगून टाकतो. तुमची फाइल दिल्लीतल्या एखाद्या कोठारात जात नाही. लॅबचा रिपोर्ट लॅबच्याच संगणकात राहतो, रुग्णालयाचा रुग्णालयात. कोणाला तो हवा असेल तर त्याने विनंती करायची, तुम्ही मोबाइलवर संमती द्यायची, मग तो कुलूपबंद होऊन थेट मागणाऱ्याकडे जातो. मधला संमती-व्यवस्थापक फक्त परवानगी सांभाळतो, त्याला मजकूर उघडता येत नाही.

सगळं ठीक. आता पहिल्या रुग्ण, नेऱ्याच्या पुढच्या वाडीवरून आलेल्या आजी. आभा काढलेली आहे, शिबिरात. ताईंनी क्रमांक टाकला, ओटीपी गेला.

‘आजी, मोबाइलवर नंबर आला का?’

‘मोबाइल माझ्याकडं कुठं? नातवाकडं हाय.’

नातू तळोज्याच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला. कारखान्यात मोबाइल लॉकरमध्ये. तीन वाजेपर्यंत ओटीपी तिथेच वाजत राहणार. आजींनी पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले कागद काढले: प्राथमिक आरोग्य केंद्राची चिठ्ठी, गेल्या वर्षीचा ईसीजी (शाई उडून गेलेला), गोळ्यांची रिकामी पाकिटं. पिशवीला ओटीपी लागत नाही.

सकाळी १०.४०

खारघरचा एक अभियंता, वय एकोणचाळीस, दंडावर साखर मोजणारा सेन्सर. दर पंधरा मिनिटांनी एक नोंद, म्हणजे दिवसाला ९६. चौदा दिवस चालणाऱ्या एका सेन्सरमागे १,३४४ आकडे. बोट टोचून महिन्याला चार आकडे लिहून आणणाऱ्या रुग्णांवर मी डॉक्टरकी शिकलो, त्यामुळे हा पडदा उघडताना अजूनही गंमत वाटते. साखर ७० ते १८० या पट्ट्यात किती वेळ राहते ते पाहायचं. बहुतेक प्रौढांसाठी ७० टक्क्यांहून जास्त वेळ हे लक्ष्य, २०१९च्या आंतरराष्ट्रीय सहमतीत ठरलेलं. याचा ५८ टक्के. आणि पहाटे तीनच्या सुमारास आठवड्यातून तीन-चारदा खोल खड्डा. रात्रीचं इन्सुलिन जास्त होत होतं. तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीए१सीमध्ये हा खड्डा दिसलाच नसता, उलट त्याने सरासरी गोड करून दाखवली असती. डोस कमी केला. या तंत्रज्ञानाबद्दल तक्रार करताना त्याचं देणं विसरू नये, म्हणून हे सविस्तर लिहिलं.

पण हे आकडे मी पाहिले कुठे? उपकरण बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर, तिने डॉक्टरांना दिलेल्या खात्यातून. दुसऱ्या कंपनीचा सेन्सर लावून येणाऱ्या रुग्णासाठी दुसरं संकेतस्थळ, दुसरा पासवर्ड. माझ्या नोंदीत ठेवायचं तर पीडीएफ उतरवून चिकटवायची. त्यात १,३४४ आकड्यांचं एक चित्र होतं. उद्या हा रुग्ण पुण्याला बदलून गेला, किंवा त्याने सेन्सरची कंपनी बदलली, की मागचा इतिहास जुन्या खात्यात अडकला.

हे होऊ नये याची तयारी आपल्याकडे झालेली आहे. आरोग्य नोंदींच्या प्रमाणकांचं राष्ट्रीय केंद्र पुण्यात, सी-डॅकमध्ये आहे. त्यांनी फायर नावाच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणकावर भारतासाठी साचे तयार केले आहेत. त्यांत औषधचिठ्ठी, तपासणी अहवाल, डिस्चार्ज कार्ड, लसीकरण यांच्याबरोबर ‘वेलनेस रेकॉर्ड’ नावाचा साचा आहे: रक्तदाब, नाडी, वजन, पावलं, घरी मोजलेली साखर, सगळं त्यात बसतं. काकांच्या यंत्राने आणि या सेन्सरने त्या साच्यात माहिती ओतायची, एवढंच बाकी आहे. ते होत नाही, कारण माहिती अडकलेली राहण्यात ती अडकवणाऱ्याचा फायदा आहे. यात तंत्राची अडचण शोधू नये.

दुपारी १२.००

हा किस्सा मी विद्यार्थ्यांना सांगतो. मुलाकडे ब्रिटनला सहा महिने राहून आलेल्या काकू. तिथल्या तपासणीचा कागद हरवला, पण आकडा पाठ: ‘त्रेपन्न’. शुगर त्रेपन्न! ताई घाबरून उठल्या, ग्लुकोज आणायला. आपल्याकडच्या मोजमापात साखर ५३ म्हणजे चक्कर येऊन पडायची वेळ. काकू मात्र ठणठणीत, बाकरवडीचा पुडा पुढे करत बसलेल्या.

तो आकडा रक्तातल्या त्या क्षणीच्या साखरेचा नव्हताच. तो एचबीए१सी होता, ब्रिटनमध्ये ज्या एककात देतात त्या एककात. आपल्या टक्क्यांत बरोबर ७. म्हणजे काकूंचा मधुमेह उत्तम आटोक्यात.

म्हणून नुसता आकडा पाठवणं म्हणजे माहिती पाठवणं नाही. त्याच्यासोबत कशाची तपासणी, कोणतं एकक, केव्हा, कोणाची, हे यंत्राला कळेल अशा खुणांत जावं लागतं. एचबीए१सीची खूण लॉइंक नावाच्या यादीत ४५४८-४. टाइप टू मधुमेह या निदानाची खूण स्नोमेड नावाच्या दुसऱ्या यादीत ४४०५४००६. भारत २०१४पासून स्नोमेडचा सदस्य आहे, त्यामुळे ती यादी इथे कुणालाही फुकट वापरता येते. कामोठ्यातल्या डॉक्टरने ‘डीएम’ लिहिलं, मी ‘मधुमेह’ लिहिलं आणि कोल्हापुरात कोणी ‘शुगर’ लिहिलं, तरी खूण एकच असेल तर संगणक तिन्ही एकत्र धरतो. खूण नसेल तर ते तीन वेगळे आजार.

पनवेलमध्ये आणखी एक भर. हे गाव धूतपापेश्वरचं, १८७२पासून आयुर्वेदिक औषधं बनवणाऱ्या कारखान्याचं. माझे निम्मे रुग्ण कुठलं ना कुठलं चूर्ण किंवा काढा घेतात आणि मला सांगत नाहीत, ‘डॉक्टर रागावतील’ म्हणून. आयुर्वेदाच्या निदानांनाही आता संकेत मिळाले आहेत. पण जे रुग्ण माझ्यापासून लपवतो, ते संमतीचं बटण दाबून मला पाठवील, ही आशा मी ठेवत नाही.

दुपारी १.३०

लॅबचे रिपोर्ट येतात. एका लॅबचे थेट सॉफ्टवेअरमध्ये, आकड्यांसकट. क्रिएटिनिनची तीन वर्षांची रेघ समोर उभी राहते आणि मूत्रपिंड हळूहळू खालावतंय हे एका नजरेत दिसतं. बाकीच्यांचे पीडीएफ. सरकारी व्यवस्थेत पीडीएफही जोडता येते आणि ती ‘डिजिटल नोंद’ म्हणून मोजली जाते. रुग्णालयं आणि लॅब यात याव्यात म्हणून २०२३पासून प्रोत्साहन योजना आली: ठरावीक संख्येच्या वर जोडलेल्या प्रत्येक नोंदीमागे २० रुपये. हेतू चांगला. पण पैसे नोंदीच्या संख्येवर, तिच्या उपयोगीपणावर नाहीत. मग स्कॅन केलेला कागद जोडून मोकळं होणं कोणाला नको?

दुपारी २.४५

जेवण. मग ग्रामीण भागातल्या एका समुदाय आरोग्य अधिकारी बाईंचा फोन. उपकेंद्रावर ई-संजीवनीवरून तज्ज्ञांचा सल्ला मिळतो, पण ओळखीने त्या मलाही विचारतात. एका क्षयरुग्णाला मधुमेहही निघालाय, औषधं एकत्र कशी द्यायची. ते झाल्यावर त्यांचं गाऱ्हाणं: एकाच माणसाची साखर असंसर्गजन्य आजारांच्या पोर्टलवर भरायची, क्षयरोगासाठी निक्षयवर भरायची, सल्ला हवा तर पुन्हा ई-संजीवनीत सांगायची. वाडीवर रेंज नाही, म्हणून आधी वहीत. एक आकडा चार ठिकाणी, आणि चौथ्यांदा लिहिताना १८६चा १६८ होतो.

निक्षयच्या नोंदीला जोडूनच पोषण आहाराचे पैसे येतात, नोव्हेंबर २०२४पासून महिना १,००० रुपये, आधी ५०० होते. बँक खात्याचा एक अंक चुकला की डाळ-अंडी थांबतात. माहितीची जोडणी म्हटलं की शहरातल्या वाचकाला मनगटी घड्याळ आठवतं. मला या बाईंचा अंगठा आठवतो.

संध्याकाळी ४.३०

कळंबोलीचे एक गृहस्थ. गेल्या वर्षी मुंबईत अँजिओप्लास्टी झालेली, फाइल घर बदलताना गेली. आभा आहे आणि मोबाइल स्वतःचा, स्वतःच्या खिशात. मी विनंती पाठवायला घेतली. आमच्या सॉफ्टवेअरने आपसूक भरलेला अर्ज बघण्यासारखा असतो: सगळ्या प्रकारच्या नोंदी, अगदी मागच्या तारखेपासून, आणि परवानगी वर्षभर चालू. मला हवं होतं काय? डिस्चार्ज कार्ड आणि औषधांची चिठ्ठी. मी बाकीच्या खुणा काढल्या, मुदत उद्यापर्यंत केली, मग पाठवलं. त्यांच्या मोबाइलवर वाजलं, त्यांनी न वाचता ‘मंजूर’ दाबलं, आणि मिनिटाभरात स्टेंट कुठे बसवला, कोणत्या गोळ्या चालू केल्या, सगळं माझ्या पडद्यावर. दोन महिन्यांपूर्वी एक गोळी त्यांनी ‘बरं वाटतंय’ म्हणून बंद केली होती. ती पुन्हा सुरू केली. हे कागदाच्या पिशवीने झालं नसतं.

पण त्यांनी वाचलं नाही, हे मला खटकत राहिलं. त्या पडद्यावर कोण मागतोय, कशासाठी, कोणत्या नोंदी, कोणत्या काळातल्या आणि परवानगी कधी संपणार, हे सगळं लिहिलेलं असतं. यातलं बरंचसं रुग्णाला बदलता येतं आणि दिलेली संमती नंतर मागेही घेता येते. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी मात्र ‘सगळं द्या, वर्षभर द्या’ हेच आधीपासून भरून ठेवलेलं असतं, आणि बहुतेक डॉक्टरांना ते बदलायला वेळ नसतो.

संध्याकाळी ५.४५

हा तास मी नाव-गाव झाकून लिहितो. एक सून, सासूबाईंबरोबर आलेली. सासूबाई बाहेर गेल्यावर म्हणाली, ‘डॉक्टर, मी मागच्या वर्षी झोपेच्या आणि मनाच्या गोळ्या घेत होते. ते यात दिसेल का?’

‘यात’ म्हणजे आभात. घरातल्या पाचही जणांची आभा एकाच मोबाइलवर, तिच्या नवऱ्याच्या. एका क्रमांकावर अनेकांची आभा काढता येते आणि शिबिरात तीच पद्धत सोयीची पडते, कारण चालू रिचार्ज एकाच मोबाइलला असतो. त्यामुळे तिच्या नोंदीची प्रत्येक सूचना, तिच्या संमतीची प्रत्येक विनंती वाजते नवऱ्याच्या खिशात. कायद्याच्या भाषेत माहिती तिची. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले, माहिती नीट न सांभाळणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण तो कायदा आजाराच्या माहितीला पत्त्याहून वेगळी, जास्त नाजूक म्हणून बाजूला काढत नाही. आणि एकाच घरातल्या दोन माणसांमधलं दार तर त्याला दिसतच नाही.

तिची आजची नोंद मी आभाशी जोडली नाही. जोडणं ऐच्छिक आहे, आभा नसली तरी उपचार मिळतात, हे तिला सांगितलं. तिच्या नावावर सिम कार्ड नाही. तेच पहिलं औषध लिहून द्यावंसं वाटलं.

संध्याकाळी ७.३०

विमा एजंट होऊ घातलेला एक मुलगा, ताप आहे पण उत्साह दांडगा. त्याच्या कंपनीची योजना अशी, की घड्याळ जोडा, रोज इतकी पावलं चाला, हप्त्यात सवलत मिळवा. ‘सर, यात वाईट काय?’ पावलांत काही वाईट नाही. पण घड्याळ पावलांबरोबर नाडी आणि झोपही मोजतं, आणि आज सवलत देणारा उद्या त्याच आकड्यांवरून काय ठरवील, हे करारात कुठे लिहिलंय ते मला दाखव म्हटलं. तो शोधून कळवणार आहे. पॅरासिटामॉल घेऊन गेला.

रात्री ९.२०

ताई बॅकअप घेऊन निघाल्या. २३ नोव्हेंबर २०२२ला दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर खंडणीखोरांनी बंद पाडले तेव्हा देशातलं एवढं मोठं रुग्णालय कितीतरी दिवस कागद-पेनावर चाललं होतं. २०२३च्या जूनमध्ये लसीकरणाच्या नोंदींतली माहिती टेलिग्रामवर मिळत असल्याच्या बातम्या आल्या. तेव्हापासून आमचा बॅकअप इंटरनेटला न जोडलेल्या डिस्कवर होतो, रोज. दोन खोल्यांच्या दवाखान्याला एवढंच परवडतं, पण एवढं प्रत्येकाने करावं.

घरी जाताना नेऱ्याच्या आजींच्या नातवाचा फोन आला. पाळी संपून, जेवून, आता त्याने मोबाइल पाहिला होता. ‘डॉक्टर, सकाळी ओटीपी आलेला. आता सांगू का?’ त्या ओटीपीची मुदत केव्हाच संपलेली. आजींचा ईसीजी नव्याने काढला, गोळ्या लिहून दिल्या, कागद पुन्हा पिशवीत गेले, हे त्याला सांगितलं.

वाचकहो, तुमच्या आईची आभा कोणत्या मोबाइल क्रमांकावर आहे ते आज विचारा. तो तुमचा असेल आणि तिच्याकडे स्वतःचा मोबाइल असेल, तर बदलून द्या, ॲपमध्ये तशी सोय आहे. आणि कुठल्याही दवाखान्याने, अगदी माझ्याही, संमती मागितली तर ‘मंजूर’ दाबण्याआधी मुदतीची तारीख वाचा. एका भेटीला एक दिवस पुरतो.